रोजचें एक छायाचित्र

ह्या वर्षीं आमच्या शाळेंतील वरच्या वर्गांच्या कांहीं विद्यार्थ्यांनीं आमच्यापुढें एक प्रश्न ठेविला. वर्षभर रोज एक, आणि एकच, छायाचित्र घ्यावयाचें व तें त्याच दिवशीं इष्टमित्रांस पाठवावयाचें, असा एक छंद अलीकडे जगांत ठिकठिकाणीं चालू आहे. तो आपल्या शाळेनें उचलावा कीं नाहीं, असा तो प्रश्न होता. त्याच सुमारास दोघां पालकांनीं आम्हांस बाजारांत गांठून नेमकी उलट विनंति केली. "सर, पोरांच्या हातांतून मोबाईल आधींच सुटत नाहीं. आतां शाळाच जर फोटो काढावयास सांगूं लागली, तर आम्हीं करावें तरी काय?" असें त्यांचें म्हणणें. आम्हांस दोन्ही पक्षांत तथ्य दिसतें. आम्हीं स्वतः हा उद्योग पुरें एक वर्ष करून पाहिला आहे. त्यांत आमच्या हातून दोन चुका झाल्या, आणि त्या चुकांनींच आम्हांस एक गोष्ट शिकविली. तिच्या आधारानें आमचें मत विद्यार्थी व पालक यांच्यापुढें येथें मांडीत आहों.

छायाचित्र घेणें हा पूर्वीं घरांतला एक मोठा प्रसंग असे. आमच्या आजोबांच्या घरीं भिंतीवर एकच फोटो टांगलेला होता. त्यासाठीं आजोबा व आजी नवीं वस्त्रें नेसून सोलापुरास गेलीं होतीं. मागें रंगविलेला पडदा, बाजूस लांकडी तिवईवर फुलदाणी, आणि दोघांच्याही मुद्रेवर श्वास कोंडून धरल्याचा ताण, असें तें चित्र होतें. आयुष्यांत एकदां घ्यावयाची ती वस्तु असल्यामुळें तिच्यासाठीं मनुष्य आपलें नेहमींचें रूप बाजूला ठेवून बसे.

शास्त्रज्ञांची रीतहि बहुधा अशीच होती. ह्याचें एक ठळक उदाहरण आपल्या सोलापूर जिल्ह्यांतच घडलें आहे. करमाळा तालुक्यांतील जेऊर येथून २२ जानेवारी १८९८ रोजीं खग्रास सूर्यग्रहण दिसावयाचें होतें. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधील प्रोफेसर कावसजी दादाभाई नायगमवाला आपलीं यंत्रें घेऊन तेथें गेले. अमेरिकेंतील लिक वेधशाळेचे ज्योतिषी कँपबेल हे समुद्र ओलांडून त्याच माळरानावर येऊन उतरले. इतका खटाटोप कशासाठीं? सूर्य पूर्ण झांकला जाण्याचीं तीं जेमतेम दोन मिनिटें कांचेवर पकडण्यासाठीं. विरळा प्रसंग आणि विरळा चित्र, अशी ती सांगड होती, आणि ती योग्यच होती.

परंतु सूर्य ग्रहणाच्याच दिवशीं पाहण्यासारखा असतो काय? ह्या प्रश्नाचें उत्तर पुण्याच्या त्याच वेधशाळेच्या पुढील इतिहासांत सांपडतें. १९१२ सालीं ती बंद झाली आणि तिची मोठी दुर्बीण दक्षिणेंत कोडाईकनालच्या डोंगरावरील वेधशाळेकडे गेली. त्या कोडाईकनालांत १९०४ सालापासून, आकाश निरभ्र असेल त्या दिवशीं, सूर्याचें छायाचित्र घेण्याचा नेम चालत आला आहे. ह्या नेमाला आतां शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला. त्यांतलें एखादें चित्र सुटें हातांत घेतलें, तर एक पांढरी चकती आणि तिच्यावर दोन-चार काळे ठिपके, एवढेंच दिसेल. तें भिंतीवर लावावें असें कोणासहि वाटणार नाहीं. पण तींच चित्रें ओळीनें मांडलीं, म्हणजे ते ठिपके सुमारें अकरा वर्षांच्या फेऱ्यानें कसे वाढतात व कसे ओसरतात, ह्याची सारी कहाणी त्यांतून वाचतां येते. एका चित्राला जें सांगतां आलें नाहीं, तें ओळीनें सांगितलें.

दुसरें उदाहरण सर्व महाराष्ट्राच्या अभिमानाचें आहे. ख्रिस्ताच्या चरित्रावरील चित्रपट पाहून आपल्या देशांतहि अशीं चित्रें व्हावींत, ही कल्पना ज्यांच्या मनांत रुजली, ते दादासाहेब फाळके 'राजा हरिश्चंद्र' काढण्यापूर्वीं काय करीत होते, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. त्यांनीं एका कुंडींत वाटाणा पेरला, कुंडीसमोर कॅमेरा रोवला, आणि महिन्याहून अधिक काळ त्या रोपाचीं चित्रें थोड्या थोड्या अंतरानें घेतलीं. पुढें तीं सारीं एकापाठोपाठ पडद्यावर सोडलीं, तेव्हां दाण्यांतून अंकुर फुटला, वर आला आणि त्याचा वेल झाला. हें सर्व अवघ्या मिनिटभरांत लोकांनीं डोळ्यांनीं पाहिलें. हा १९१२ सालचा 'अंकुराची वाढ' होय. त्याच्या बळावर त्यांस भांडवल मिळालें, आणि ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्यें 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढें आला. वाटाण्याचा वेल काय कोणीं पाहिला नव्हता? आपल्या प्रत्येक शेतकऱ्यानें तो पाहिला होता. पण त्याची वाढ मात्र कोणीं पाहिली नव्हती. कारण ती आपल्या डोळ्यांपेक्षां मंद गतीनें चालते.

आमच्या बार्शीकरांस मंद गतीचें महत्त्व निराळें सांगावयास नको. १८९७ सालीं सुरू झालेल्या आपल्या अडीच फुटी 'बार्शी लाइट' रेल्वेच्या चालीवर लोकांनीं मनसोक्त विनोद केले. आतां तिच्या जागीं रुंद रूळ आले आहेत. पण त्या संथ गाडीनें पिढ्यान् पिढ्या धान्याचीं पोतीं आणि पंढरीचे वारकरी ठिकाणीं पोंचविले, हें विसरतां येत नाहीं. रोज एक चित्र घेण्याचा उद्योग हा असाच आहे. तो कोणास चकित करीत नाहीं. रोज थोडा पुढें सरकतो, आणि वर्षाअखेर कोठें तरी पोंचवितो.

आतां आमच्या स्वतःच्या वर्षाची हकीकत सांगतों. आमचें बिऱ्हाड शाळेच्या आवारांतच आहे. प्रार्थनेच्या दालनांत सतरंजीवर बसावयाचें असल्यामुळें मुलें पादत्राणें बाहेरच्या लांब पायरीवर काढून ठेवितात. मागील वर्षीं जून महिन्यांत शाळा उघडली, त्या दिवसापासून आम्हीं त्या रांगेचें रोज एक छायाचित्र घ्यावयाचें ठरविलें. जागा तीच, वेळ प्रार्थनेची घंटा होऊन पांच मिनिटांची, आणि चित्र एकच. बिघडलें तरी दुसरें घ्यावयाचें नाहीं. रविवारीं व सुटीच्या दिवशीं पायरी रिकामी असे, तिचेंहि चित्र घ्यावयाचें. मुलांचे चेहरे न घेतां पादत्राणें घेतलीं, कारण त्यांत कोणाचा संकोच होणार नाहीं असें आम्हांस वाटलें. आमचा हा समज खोटा ठरला, तें पुढें येईलच.

पहिले पंधरा दिवस उत्साहाचे गेले. त्यानंतर कंटाळा आला. तीच पायरी, त्याच चपला! पण ऑगस्टच्या सुमारास आमच्या डोळ्यांना हळूहळू वळण लागूं लागलें. पाऊस पडला कीं नाहीं, हें आकाशाकडे न पाहतां चपलांच्या कडांना चिकटलेल्या काळ्या मातीवरून कळूं लागलें. पाऊस ओढ देई त्या आठवड्यांत ती माती पांढरट होऊन पायरीवर तिचे पापुद्रे पडत. गणपतीच्या आधीं कांहीं नव्या जोड्या येत. कोण मुलगा चपला टाकतो आणि कोण ठेवितो, कोणाच्या टांचा आंतून झिजतात, कोणती मुलगी धांकट्या बहिणीची जोडी आपल्या जोडीशेजारीं सरळ करून ठेविते, हें सारें दिसूं लागलें. वीस वर्षें आम्ही ती पायरी चढत-उतरत होतों. पण तिच्याकडे असें पाहण्याची वेळ आमच्यावर पूर्वीं आली नव्हती.

रोजचें चित्र आम्ही व्हॉट्सॲपवरील आमच्या एका मित्रमंडळांत पाठवीत असूं. त्यांत कांहीं शिक्षक, कांहीं जुने विद्यार्थी आणि गांवांतील दोन-चार सद्गृहस्थ होते. प्रथम प्रथम वाहवा झाली, मग ती ओसरली. वाहवा ओसरतांच आमच्या मनांत काय आलें, तें कबूल केलें पाहिजे. एके दिवशीं आम्हीं दोन जोड्या हातानें सरकवून रांग रेखीव केली. दुसऱ्या एका दिवशीं पायरीवर झेंडूचें फूल ठेविलें. चित्र सुंदर आलें, पण तें त्या दिवसाचें राहिलें नाहीं. लोकांस काय आवडेल, ह्या विचारानें आमचा हात हलला होता.

पहिली खरी चूक सप्टेंबरांत झाली. रांगेंत एक रबरी स्लिपर होती. तिचा पट्टा तुटून खालून पिन अडकविलेली होती. त्या दिवशीं आम्ही नेहमींची जागा सोडून पुढें वांकलों आणि तेवढ्याच स्लिपरचें चित्र घेतलें. तें पाठविल्याबरोबर वर्षांत कधीं मिळाली नव्हती एवढी स्तुति मिळाली. कोणीं हृदयस्पर्शी म्हटलें, कोणीं तें आणखी चार ठिकाणीं धाडलें. दुसऱ्या दिवशीं ती जोडी पायरीवर नव्हती. तिसऱ्या दिवशींहि नव्हती. तिचा धनी असलेला मुलगा तर प्रार्थनेंत हजर होता. आम्हीं त्यास बाजूला बोलावून विचारलें. त्यानें दप्तराकडे बोट केलें. स्लिपर त्यानें वर्तमानपत्रांत गुंडाळून पुस्तकांशेजारीं ठेविली होती. खालीं पाहत तो एवढेंच म्हणाला, "सर, फोटो नको."

आम्हीं त्याची क्षमा मागितली आणि तें चित्र मंडळांतून काढून टाकिलें. परंतु जें पुढें गेलें होतें, तें परत आणणें आमच्या हातीं राहिलें नव्हतें. त्याच्या मामाच्या गांवापर्यंत तें पोंचलें होतें. त्या मुलानें पट्ट्याला पिन लाविली होती ती चालतां यावें म्हणून. ती कोणाच्या हृदयाला स्पर्श करण्यासाठीं नव्हती. त्याची गरज आम्हीं त्यास न विचारतां आमच्या स्तुतीसाठीं वापरली. चेहरा घेतला नाहीं म्हणजे मनुष्य घेतला नाहीं, हा आमचा समज त्या दिवशीं गळून पडला.

दुसरी चूक याहून मोठी होती. रांगेच्या टोंकाला, खांबाच्या बुंध्याशीं, दोन जोड्या रोज शेजारीं शेजारीं असत, एक मोठी आणि एक लहान. त्या एका नववींतल्या मुलाच्या आणि त्याच्या सातवींतल्या भावाच्या होत्या. बालाघाटाच्या पायथ्याकडील एका वस्तीवरून तीं मुलें येत. दिवाळीची सुटी संपली, शाळा भरली, आणि आमचें रोजचें चित्र पुन्हां सुरू झालें. नाताळच्या सुटींत आम्हीं तोंवरचीं सर्व चित्रें लहान आकारांत छापून आणविलीं आणि घरीं सतरंजीवर तारीखवार मांडलीं. मांडतां मांडतां आमचा हात थांबला. दिवाळीनंतरच्या पहिल्या दिवसापासून खांबाजवळ दोन जोड्यांची जागा रिकामी होती. आठ-नऊ चित्रांपर्यंत ती रिकामीच राहिली. मग शेजारच्या मुलांच्या चपला जरा जरा सरकत आल्या, आणि रांग पुन्हां भरून गेली. त्यानंतरच्या चित्रांत तेथें कोणी होतें असें सांगूनहि खरें वाटलें नसतें.

वर्गशिक्षकांनीं हजेरीपटावर गैरहजेरी मांडली होती आणि वस्तीवर निरोपहि पाठविला होता. त्यांनीं त्यांचें काम केलें. पण त्या पायरीसमोर रोज उभे राहून, रोज पाहतों असें जगाला सांगणारे आम्ही होतों. नव्याण्णव मेंढरें सोडून एका हरवलेल्या मेंढराला शोधावयास निघालेल्या मेंढपाळाची गोष्ट आम्हीं वर्गांत किती वेळां शिकविली असेल! येथें दोन हरवलीं होतीं, त्याचा पुरावा आम्हीं स्वतःच्या हातानें रोज टिपला होता, आणि सहा आठवडे तो आम्हांस वाचतां आला नाहीं. आम्ही चित्र घेत होतों, तें पाठवीत होतों, आणि पाठविलें कीं विसरत होतों.

दुसऱ्या दिवशीं आम्ही वस्तीवर गेलों. घराला कुलूप नव्हतें; आजी एकटी दारांत बसली होती. मुलांचे आईबाप मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला गेले होते आणि दोन्ही मुलांस बरोबर घेऊन गेले होते. "उचल घेतलीया, न्हाई जाऊन कसं भागंल? अन् पोरं हितं ठिवली तर त्यास्नी राखायचं कुणी?" असें त्या माउलीनें विचारलें, आणि आमच्याजवळ उत्तर नव्हतें. आपल्या भागांतून, शेजारच्या बीड व धाराशिव जिल्ह्यांतून, दसरा-दिवाळीच्या सुमारास अशीं हजारों कुटुंबें साखर कारखान्यांकडे जातात आणि गळीत संपल्यावर परततात. त्यांच्या मुलांनीं गांवींच राहून शिकावें म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आहे. आणि दोन मुलांची सोय आमच्या आवारांतहि करणें अशक्य नव्हतें. पण ती दसऱ्यापूर्वीं करावयास पाहिजे होती. आम्ही डिसेंबरच्या अखेरीस जागे झालों होतों.

पाडव्यानंतर लहान जोडी पायरीवर परत आली. मोठी जोडी आली नाहीं. त्या हंगामांत त्या मुलाच्या हातीं कोयता बसला, तो सुटला नाहीं. ह्या वर्षीं दसऱ्याच्या आधींच आम्ही कांहीं शिक्षक मिळून वस्त्यांवर गेलों, आणि तीन मुलांची राहण्याची व्यवस्था लागली. त्यांत तो धाकटा आहे. थोरल्यासाठीं प्रयत्न चालू आहे.

ह्या अनुभवावरून आमचें मत असें बनलें आहे. रोज एक छायाचित्र घेण्याचा नेम चांगला आहे, आणि विद्यार्थ्यांनीं तो अवश्य करावा. पण त्याची किंमत चित्रांत नाहीं. ती चित्रांच्या ओळींत आहे, आणि ती ओळ मागें वळून पाहण्यांत आहे. जो रोज घेतो, रोज पाठवितो आणि मागें पाहत नाहीं, त्याला तीनशें पासष्ट चित्रांतून तीनशें पासष्ट वेळां शाबासकी मिळेल, आणि दुसरें कांहीं मिळणार नाहीं.

दुसऱ्यांस दाखविण्याविषयीं एक उदाहरण देतों. न्यूयॉर्कमधील जेमी लिव्हिंग्स्टन ह्या छायाचित्रकारानें ३१ मार्च १९७९ पासून रोज एकच चित्र घ्यावयाचा नेम धरला. त्याचा कॅमेरा तत्काळ कागदी चित्र काढून देणारा होता. मित्र, जेवणाचीं टेबलें, रस्ते, पुढें स्वतःचें आजारपण, जें त्या दिवशीं होतें तें त्यानें घेतलें. २५ ऑक्टोबर १९९७ रोजीं कर्करोगानें त्याचा अंत झाला, त्या दिवसापर्यंत, म्हणजे अठरा वर्षांहून अधिक काळ, हा नेम चालला. तीं सहा हजारांवर चित्रें जगानें पाहिलीं, तीं त्याच्या मृत्यूनंतर, मित्रांनीं ओळीनें मांडलीं तेव्हां. त्यांतील पुष्कळ चित्रें अगदीं साधीं आहेत. तरी ती सारी ओळ पाहून माणसें गंभीर होतात. कारण त्यांत एक संपूर्ण आयुष्य कोणतीहि रंगसफेदी न करतां समोर येतें. रोज संध्याकाळीं वाहवा मोजीत बसला असता, तर त्यानें इतकीं साधीं चित्रें घेतलीं असतीं काय, ह्याची आम्हांस शंका आहे.

म्हणून आमच्या विद्यार्थ्यांस आम्ही कांहीं नियम सुचवितों. पहिला नियम असा कीं, जागा एक निवडावी आणि ती शक्यतों बदलूं नये. ती सुंदर असलीच पाहिजे असें नाहीं. आपल्या बार्शींत अशा जागांची वाण नाहीं. भगवंताच्या देवळाच्या वाटेवरील एखादें झाड घ्या, आडत बाजारांतील एखादा वजनकांटा घ्या, किंवा घरचें शेत घ्या. रब्बीची ज्वारी पेरल्यापासून हुरड्यापर्यंत आणि हुरड्यापासून खळ्यापर्यंत रोज एक चित्र घेतलें, तर फाळक्यांच्या वाटाण्याप्रमाणें तुमच्या हातींहि एक अंकुराची वाढ येईल.

दुसरा नियम म्हणजे, चित्र दिवसाला एकच असावें. मोबाईलमध्यें शंभर काढतां येतात, म्हणूनच एकाचा नियम पाहिजे. एकच घ्यावयाचें असतें, तेव्हां मनुष्य बटण दाबण्यापूर्वीं पाहतो. शंभर घेतां येतात, तेव्हां तो पाहण्याचें काम पुढें ढकलतो आणि मग तें कधींच करीत नाहीं.

तिसरा नियम, कोणाहि मनुष्याचें, त्याच्या घराचें किंवा त्याच्या वस्तूचें चित्र त्यास विचारल्यावांचून घेऊं नये. आणि घेतलें तरी, पाठवावयाचें असल्यास पुन्हां विचारावें. घेण्याची परवानगी आणि पाठविण्याची परवानगी ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्याचें दुःख तर आपल्या कौतुकासाठीं कधींच पुढें धाडूं नये. सुटलेला शब्द आणि पाठविलेलें चित्र, दोन्ही परत येत नाहींत.

चौथा नियम, रोजचें चित्र रोज चारचौघांत पाठवूं नये. आठवड्यांतून एकदां, रविवारीं म्हणा, आईवडिलांजवळ बसून सात चित्रें क्रमानें पाहावींत आणि प्रत्येकाखालीं वहींत एक ओळ लिहावी: तारीख, आणि त्या दिवशीं काय निराळें दिसलें. वर्षाअखेर सगळी ओळ शाळेंत मांडावी. तेव्हां सर्वांनीं पाहावी, बोलावें, चुका काढाव्यात. हें खरें वाटून घेणें होय.

पालकांच्या दोन शंकांचें उत्तर देणें आम्ही आमचें कर्तव्य समजतों. मोबाईल मुलांच्या हातीं राहील, ही त्यांची भीति साधार आहे. म्हणून चित्र पालकांच्याच मोबाईलवर, ठरलेल्या वेळीं, त्यांच्या देखत घ्यावें आणि मोबाईल लगेच परत द्यावा. मिनिटाचें काम मिनिटांत संपलें पाहिजे. तासभर पडदा चाळण्याची संवय लागलेल्या मुलास, एक मिनिट घेऊन मोबाईल खालीं ठेवणें हीच ह्या नेमांतील पहिली शिकवण आहे.

दुसरी शंका कोणीं बोलून दाखविली नाहीं, पण ती आम्हांस जाणवते. ज्यांच्या घरीं तसा मोबाईल नाहीं त्यांनीं काय करावें? त्यांनीं वही व पेन्सिल घ्यावी. रोज त्याच जागेचें चार रेघांचें चित्र काढावें, किंवा केवळ एक आकडा लिहावा. पावसाचें पाणी पर्जन्यमापकांतून रोज सकाळीं साडेआठ वाजतां मोजून लिहितात. त्या आकड्यांच्या ओळींतूनच कोणतें वर्ष दुष्काळाचें, हें कळतें. ह्याच बार्शींत १९८७ सालापासून खेडोपाडींच्या कर्करोग्यांची नोंदवही ठेविली जात आहे. देशांतील ग्रामीण भागाची अशी ती पहिली नोंदवही होय. एकेक नांव लिहिल्यानेंच ह्या रोगाचें खेड्यांतील खरें रूप वैद्यांस कळूं लागलें. सांगण्याचा हेतु असा कीं, कॅमेरा हें साधन आहे. विद्या आहे ती नित्य पाहण्याची आणि प्रामाणिकपणें नोंद ठेवण्याची. ती गरिबाच्या घरींहि साध्य आहे.

शेवटचा नियम आम्ही विद्यार्थ्यांपेक्षां स्वतःसच अधिक सांगतों. ओळींत एखादी जागा रिकामी दिसली, तर चित्र घेऊन थांबूं नये. तेथें कोण होतें, तें विचारावें. त्याच्या घरीं जावें. रांग भरून येण्यास फार दिवस लागत नाहींत, आणि ती एकदां भरून आली म्हणजे कोणी गेल्याची खूणहि उरत नाहीं.

आमचें वर्ष ह्या जूनमध्यें पुरें झालें. शाळा उघडली त्या दिवशीं शेवटचें चित्र घेतलें. त्यांत खांबाजवळ ती लहान जोडी आहे, आणि तिच्या शेजारीं थोडी जागा मोकळी आहे. कोणीं मुद्दाम ठेविली कीं सहज राहिली, तें आम्हीं विचारलें नाहीं. दुसऱ्या दिवसापासून आम्हीं नवी ओळ सुरू केली आहे. ती आम्ही कोणास पाठवीत नाहीं. दर शनिवारीं शाळा सुटल्यावर वर्गशिक्षकांसह बसून सहा चित्रें पाहतों आणि हजेरीपट शेजारीं उघडा ठेवितों.